टोकियोतली कॉफी : एक बुकिंग करून, एक बिनबुकिंगची

आधी एक सांगून ठेवते, जपानमध्ये चांगली कॉफी प्यायला भरपूर पैसे लागतात असं अजिबात नाही. कुठल्याही कोपऱ्यावरच्या सेव्हन इलेव्हनमध्ये जायचं, काउंटरवर पैसे देऊन रिकामा कप घ्यायचा, मशीनखाली ठेवायचा, बटण दाबायचं, मशीन तिथल्या तिथे बीन्स दळतं आणि मिनिटभरात गरम कॉफी हातात. २०१३ मध्ये हे सुरू झालं तेव्हा कप १०० येनला होता, आता थोडा महाग झालाय पण तरी आपल्या शंभर रुपयांच्या आतच बसतो. शिवाय रस्त्यावर जिकडे तिकडे व्हेंडिंग मशीन आणि त्यात डब्यातली कॉफी, थंडीत गरम डबा मिळतो आणि उन्हाळ्यात गार. दुधाची डब्यातली कॉफी यूसीसी कंपनीने १९६९ मध्येच काढली होती. मग अशा देशात एका माणसाच्या कॉफीसाठी दीड हजार रुपयांच्या आसपास मोजायचे, तेही आधी वेळ बुक करून, हा प्रकार मी केला त्याबद्दल लिहितेय.

खरं तर केला म्हणजे माझ्या मावसभावाने करायला लावला. तो निशी-कासाईला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निशी-कासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग जिथे आपली आयटीवाली मंडळी इतकी आहेत की लिफ्टमध्ये मराठी बोलताना जरा जपून बोलावं लागतं, समोरच्याला कळत असतं. २०१९ ला योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले तेव्हा आपल्या पेपरांत बातमी आली होती, तोच हा भाग. तर भाऊ एकटा राहतो आणि त्याच्या किचनच्या ओट्यावर मसाल्याचा डबा नाही पण कॉफी मोजायचा पॉइंट एक ग्रॅमवाला काटा आहे, हाताने फिरवायची ग्राइंडर आहे, हंसासारख्या मानेची केटली आहे. रोज सकाळी २० ग्रॅम कॉफी आणि ३०० ग्रॅम पाणी, पाणी पाच वेळा साठ-साठ ग्रॅम ओतायचं, पहिल्या दोन ओतण्यांत आंबट-गोडाचा हिशोब ठरतो आणि नंतरच्या तीनमध्ये स्ट्राँग किती ते. ही पद्धत तेत्सु कासुया नावाच्या जपानी माणसाची, २०१६ च्या वर्ल्ड ब्रूअर्स कपमध्ये, म्हणजे हाताने कॉफी गाळायच्या जागतिक स्पर्धेत, तो जिंकला तो हीच वापरून. मला हे सगळं भावाने मी अजून डोळे चोळत असताना सांगितलं. मी आपली घरी दुधात इन्स्टंट कॉफी, साखर आणि वरून जायफळ किसून पिणारी बाई. तो म्हणाला, "ताई, तू आलीयस तर तुला एक जागा दाखवतो, पण तिथे साखर मागू नकोस हं." म्हटलं, नाही मागत बाबा.

जागा म्हणजे कॉफी मामेया काकेरू. यांचा आगापिछा थोडा सांगायला हवा. एइइची कुनितोमो म्हणून एक गृहस्थ, त्यांनी २०११ मध्ये ओमोतेसांदो भागात एका जुन्या लाकडी घरात ओमोतेसांदो कॉफी नावाचं अगदी चिमुकलं दुकान काढलं. जगभरातून लोक तिथे यायला लागले, मग २०१५ च्या शेवटी ते घरच पाडायचं ठरलं म्हणून दुकान बंद झालं आणि २०१७ मध्ये त्याच जागेवर कॉफी मामेया उघडलं. तिथे बसायला जागा नाही, मुख्य काम बीन्स विकण्याचं, बरिस्ता म्हणजे कॉफी करणारा तुमच्याशी बोलून कुठल्या बीन्स घ्यायच्या ते सुचवतो. काकेरू हे त्यांचं २०२१ चं दुसरं दुकान, इथे मात्र बसायचं, आणि बसून कोर्स घ्यायचा. हो, कॉफीचा कोर्स, हॉटेलात पाच पदार्थांचं जेवण एकामागून एक येतं तसा.

बुकिंग ऑनलाइन होतं. भावाने आधीच करून ठेवलेलं त्यामुळे मला फक्त वेळेवर तयार व्हायचं होतं, आणि जपानात वेळेवर म्हणजे वेळेवर. निशी-कासाईहून तोझाई लाइन, मोन्झेन-नाकाचोला उतरून ओएदो लाइन आणि लगेच पुढचं स्टेशन कियोसुमी-शिराकावा. फार जवळ आहे, तरी भाऊ दहा मिनिटं आधी पोचायच्या हिशोबाने घरातून निघाला आणि मी चप्पल की बूट यात वेळ घालवतेय म्हणून दारात उभा राहून सुस्कारे सोडत होता.

हा भाग मला फारच आवडला. जुनं फुकागावा, बाशो हा हायकूवाला कवी इथे राहायचा आणि १६८९ मध्ये इथूनच त्याच्या त्या उत्तरेकडच्या मोठ्या पायी प्रवासाला निघाला. कालवे आहेत, जवळच किबा म्हणून जुनी लाकडाची बाजारपेठ होती, त्यामुळे गोदामं. आणि कॉफीवाले इथे का आले त्याचं उत्तर हीच गोदामं. रोस्टिंगचं मशीन उंच असतं, वर धुराडं लागतं, बीन्सची पोती ठेवायला जागा लागते, गिन्झासारख्या महागड्या भागात हे भाडं कुणाला परवडणार. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ब्लू बॉटल या कॉफी कंपनीने देशाबाहेरचं पहिलं दुकान इथेच काढलं आणि तेव्हा लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या होत्या. आता स्टेशनपासून चालत जाताना कॉफी भाजल्याचा वास कधी या गल्लीतून तर कधी त्या गल्लीतून येतो, आणि मधेच फुकागावा-मेशी म्हणजे शिंपल्यांच्या भाताची दुकानं. (तो भात खा, फार छान असतो, तिसऱ्या खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला तर घरचाच वाटेल.)

दुकान बाहेरून काहीच वाटत नाही. गोदामच आहे. आत मात्र छत उंच, लाकूड, आणि मधोमध मोठा काउंटर ज्याच्याभोवती गिऱ्हाईक बसतात आणि आत बरिस्ता उभे. म्हणजे तुम्ही कुठेही बसलात तरी समोर कुणीतरी कॉफी करतंय हे दिसणारच. गाणी नाहीतच म्हटलं तरी चालेल इतकी हळू. लॅपटॉप उघडून बसलेलं कुणी नाही, हे मला सगळ्यात आधी जाणवलं कारण पुण्यात कॉफी शॉप म्हणजे निम्मी लोकं झूम कॉलवर.

आमच्या समोरच्या मुलीने आधी मेनू दिला नाही, आधी विचारलं की घरी काय पिता. इंग्लिश चांगलं होतं तिचं. भावाने आपलं कासुया वगैरे सांगितलं, तिने मान डोलावली. मग माझी पाळी. मी खरं तेच सांगितलं, दूध, साखर, जायफळ. मला वाटलं आता ही गोड हसणार आणि मनात काहीतरी म्हणणार, पण तिने जायफळावर थांबून दोन-तीन प्रश्न विचारले, किसून घालता का उकळताना घालता, दूध किती, सकाळी की रात्री. कोजागरी तिला समजावता समजावता माझी दमछाक झाली. त्यावरून तिने ठरवलं की मला हलक्या भाजणीतलं एकदम आंबट टोक नको पण अगदी काळंही नको. मग बीन्सची यादी समोर आली, ती हलक्या भाजणीपासून गडद भाजणीपर्यंत ओळीने लावलेली. वेगवेगळ्या देशांतल्या रोस्टरांच्या, म्हणजे कॉफी भाजणाऱ्यांच्या बीन्स. पनामाची गेशासुद्धा होती आणि तिची किंमत बघून मी यादी हळूच भावाकडे सरकवली.

गेशाबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात कारण हे नाव सगळीकडे दिसतं. मूळ इथिओपियातली जात, १९३० च्या दशकात तिथून बिया गोळा केल्या, मग आफ्रिकेतूनच कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रात आणि तिथून पनामात. पनामात वर्षानुवर्षं कुणी फार लक्ष दिलं नाही कारण झाड पीक कमी देतं. २००४ मध्ये एस्मेराल्दा नावाच्या मळ्याने ती वेगळी काढून स्पर्धेत ठेवली, पहिली आली आणि लिलावात पाउंडाला २१ डॉलर मिळाले, तेव्हा तो विक्रम होता. आज तो आकडा किरकोळ वाटावा अशा बोली लागतात. असो. आम्ही दोघांनी इथिओपियाची साधी धुतलेली, म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली कॉफी घेतली आणि एकच कोर्स घेतला, फरक कळावा म्हणून.

कोर्सची गंमत ही की बीन्स एकच. तीच कॉफी वेगवेगळ्या रूपात येते. पहिली कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून काढलेली, तीही वाइनच्या ग्लासात. मला आधी जरा नाटकी वाटलं पण ग्लास नाकाशी नेल्यावर कळलं की निमुळत्या तोंडामुळे वास आतच राहतो. वास घेतला आणि मी भावाला म्हटलं, "अरे हा तर गवती चहा." तो म्हणाला, "ताई, त्यांनी कार्डावर तेच लिहिलंय, लेमनग्रास." मला तेव्हा जो आनंद झाला तो दहावीच्या मार्कांनाही झाला नव्हता. कारण मी आजवर समजत होते की पाकिटावर लिहिलेले ते पीच, जास्मिन, अमुक बेरी हे सगळं मार्केटिंग असतं. काही ठिकाणी असतंही, पण इथे खरोखर होता वास.

दुसरी मिल्क ब्रू. ही मी पहिल्यांदाच बघितली. दळलेली कॉफी थंड दुधात घालून तासन्‌तास फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग गाळतात, पाणी नाहीच, आच नाहीच. उष्णता न लागल्याने कडवटपणा फार उतरत नाही आणि दुधातली स्निग्धता कॉफीचा सुगंध धरून ठेवते. साखर घातली नव्हती तरी गोड लागली. अगदी छोटा ग्लास. खरं सांगायचं तर पूर्ण कोर्समध्ये मला हीच सगळ्यात जास्त आवडली आणि हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली की दूध पिणाऱ्या देशातल्या लोकांना बहुतेक हीच आवडते. हे मी आता घरी करते, फुल क्रीम दूध, जाडसर दळलेली कॉफी, रात्रभर फ्रीज, सकाळी आधी चहाच्या गाळणीने आणि मग मलमलच्या फडक्याने गाळायची. फडकं नवीन घ्या, पनीर गाळलेलं नको.

तिसरी गरम फिल्टर आणि इथे बघण्यासारखं खूप होतं. बीन्स वजन करून घेतल्या, दळल्या, दळलेली पूड आम्हाला हुंगायला दिली. मग कोनात कागद लावून त्यावरून नुसतं गरम पाणी सोडलं, त्याने कागदाचा वास जातो आणि भांडंही तापतं. मग पूड, आणि पहिलं थोडंसं पाणी. ती पूड फुगते, बुडबुडे येतात, ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो तो निघून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर पाणी पुडीत नीट शिरतच नाही. अर्धा-पाऊण मिनिट ती नुसती उभी. आम्हीही गप्प. मग बारीक धार, गोल गोल, काट्यावर नजर. सगळं मिळून तीनेक मिनिटं. त्या वेळात ती एक शब्द बोलली नाही आणि खरं तर तेच बरं वाटलं, कारण बऱ्याच ठिकाणी हे लोक इतकं लेक्चर देतात की कॉफी गार होते.

आणि गार होण्यावरूनच तिने एक गोष्ट सांगितली, सगळी एकदम पिऊ नका, थोडी ठेवा आणि दर काही मिनिटांनी घोट घ्या. फार गरम असताना जिभेला चव नीट कळत नाही, कोमट होत जाते तशी आंबटगोड चव वर येते. कॉफी पारखणारे लोकही कपिंग करताना साधारण ७१ अंशांपासून सुरू करून गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा चाखतात आणि मग शंभरपैकी मार्क देतात, ऐंशी किंवा जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. आणि उलटही खरं म्हणे, वाईट कॉफी गार झाली की तिचं सगळं पितळ उघडं पडतं. मला आमच्या ऑफिसच्या मशीनची आठवण झाली, ती कॉफी आपण कढत का पितो ते समजलं.

बिल आलं तेव्हा भाऊ "मी देतो" आणि मी "गप रे" हा कार्यक्रम झाला आणि त्याने दिलं. जाताना बीन्स विकत घेतल्या तर त्यासोबत त्या बीन्ससाठीची रेसिपी देतात, किती ग्रॅम, किती पाणी, किती तापमान, किती सेकंद. छान वाटलं. पैसे वसूल का? शिकायला म्हणून वसूल. एकच बी तीन रूपांत शेजारी शेजारी चाखायला मिळणं मला तरी दुसरीकडे माहीत नाही. पण मन रमलं का विचाराल तर... सारखं वाटत होतं की आपण प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसलोय, काहीतरी चुकीचं बोलू. दोष त्यांचा नाही, ती मुलगी फार गोड होती, पण एवढी शांतता आणि एवढं लक्ष आपल्याकडे असलं की पाठ आपोआप ताठ होते.

म्हणून मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या दुकानाबद्दल. भावाला त्यात रस नव्हता, मीच त्याला ओढत नेलं. गिन्झातलं काफे द लाम्ब्र. १९४८ पासून आहे. इचिरो सेकिगुची नावाच्या माणसाने काढलं आणि ते २०१८ मध्ये वारले तेव्हा त्यांचं वय १०३ होतं. शंभरीनंतरही ते दुकानात यायचे. बाहेर पाटीवर जपानीत लिहिलंय की इथे फक्त कॉफी मिळते, आणि खरंच फक्त कॉफीच, सँडविच नाही, केक नाही. बुकिंग नाही, थोडं थांबावं लागलं. गिन्झाच्या चकचकाटात मागच्या गल्लीत एक बुटकं दार, आत दाराशीच भाजायचं मशीन, अंधारलेलं, जुनं लाकूड, आणि काउंटरवर शेजारी शेजारी एक सूटवाले आजोबा, दोन कॉलेजच्या मुली आणि आम्ही.

इथे कागद नाही, फडकं. फ्लॅनेलच्या कापडाची पिशवी, तिला नेल म्हणतात. ही पिशवी कधी वाळू द्यायची नसते, पाण्यात बुडवून ठेवतात, वाळली की तिच्यात मुरलेलं कॉफीचं तेल खवट होतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात केटली, आणि धार इतकी बारीक की थेंब थेंबच. काटा नाही, टायमर नाही. काकेरूतल्या मुलीची नजर काट्यावर होती, या माणसाची नजर पुडीवर होती. कागदातून जे तेल अडतं ते फडक्यातून थोडं खाली येतं म्हणून ही कॉफी जिभेवर दाट लागते.

आणि मेनूवर काही बीन्सच्या पुढे चक्क साल लिहिलेलं. कच्च्या बीन्स वर्षानुवर्षं, काही तर दशकानुदशकं साठवून मग भाजतात. आजची सगळी स्पेशालिटीवाली मंडळी ताज्या पिकाच्या मागे, गेल्या वर्षीची म्हटली की नाक मुरडतात, आणि इथे जुनी म्हणूनच महाग. मला यात काहीच विचित्र वाटलं नाही, आपल्याकडे जुना तांदूळ जास्त भाव देऊन घेतातच की. बीतलं पाणी हळूहळू उडतं, आंबटपणा ओसरतो. मी जुन्यातलीच एक मागवली, छोट्याशा कपात आली, गडद, जवळजवळ पाकासारखी, आणि कडू आहे म्हणावं तर कडू नाही. जायफळाची आठवण अजिबात झाली नाही. भावाने क्वीन ॲम्बर घेतली, ती त्यांची प्रसिद्ध, गार गोड काळी कॉफी देठाच्या ग्लासात आणि वर दुधाचा पांढरा थर तरंगतोय, ढवळायची नाही, तशीच प्यायची. म्हणजे बघा, साखर घातलेली कॉफी त्याच भावाने मागवली ज्याने मला साखर मागू नकोस म्हणून बजावलं होतं. हे मी त्याला निघेपर्यंत ऐकवलं.

जपानमध्ये ही कॉफीची दुकानं काही आजची नाहीत, १८८८ मध्ये उएनोला पहिलं निघालं. फडक्याने गाळणं, एकेक कप करणं, गिऱ्हाइकासमोर करणं हे सगळं या जुन्या दुकानांत आधीपासून चालू होतं आणि अमेरिका-युरोपातल्या लोकांनी इथे येऊन ते पाहिलं, मग ते परत नव्या रूपात टोकियोत आलं काटे आणि टायमर घेऊन. ब्लू बॉटलचे संस्थापक जेम्स फ्रीमन स्वतः सांगतात की इथल्या जुन्या दुकानांवरून शिकलो. त्यामुळे माझं मत असं की काकेरूला जरूर जा पण लाम्ब्र आधी बघा. आणि दोन्हींपैकी एकालाच वेळ असेल तर लाम्ब्र. भावाला हे बिलकुल पटलेलं नाही, त्याचं म्हणणं की लाम्ब्रमध्ये भाजणीची चव कळते, बीची नाही, एवढं गडद भाजल्यावर इथिओपिया काय आणि ब्राझील काय. मुद्दा बरोबर आहे त्याचा. पण मला त्या कपात काहीतरी शोधत बसावं लागलं नाही, हा माझा मुद्दा.

काकेरूतून आणलेल्या बीन्स पुण्यात रेसिपीबरहुकूम केल्या आणि चव आली नाही. गवती चहा गायब, नुसती मातकट. भावाला फोन केला तर त्याने पहिलं विचारलं, पाणी कुठलं. टोकियोच्या नळाचं पाणी मऊ असतं, आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर, बोअरचं पाणी, जड. कॉफीच्या कपात अठ्ठ्याण्णव टक्के पाणीच असतं मग पाणी बदललं की सगळंच बदललं. आणि आरओचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार इतके गेलेले असतात की चव उतरतच नाही नीट. शेवटी आरओचं आणि साधं उकळून निवलेलं असं अर्धं अर्धं केलं, तेव्हा जरा जमली. ज्यांना टँकरच्या पाण्याचा त्रास आहे त्यांनी महाग बीन्स घेण्याआधी हे करून बघा, पैसे वाचतील.

पुढच्या खेपेला टोकियोतल्याच शिबुया भागातल्या चातेइ हातो या कॉफीच्या दुकानात जायचं ठरलंय. तिथे कपाटात नाना तऱ्हेचे कप मांडून ठेवलेत आणि गिऱ्हाईक बघून त्याला कुठला द्यायचा ते दुकानदार ठरवतो. भाऊ म्हणतो तुला नक्की फुलाफुलांचा देणार.